डेक्सातला स्कॅटर: लॉग घेण्याआधी वजा करायचा, नंतर नाही

डेक्सा म्हणजे दोन ऊर्जांच्या एक्स-रेने हाडाची घनता मोजणारं यंत्र. त्याच्या डिटेक्टरवर दोन प्रकारचे फोटॉन पोचतात. काही ट्यूबमधून निघून शरीरातून सरळ येतात, ते प्रायमरी. काही शरीरात धडकून, दिशा बदलून, भलत्याच ठिकाणी पडतात, तो स्कॅटर. घनतेचं सगळं गणित प्रायमरीवर उभं आहे, पण डिटेक्टरला दोघांतला फरक कळत नाही. जिथे हाडाने किरण अडवल्यामुळे मोजणी कमी यायला हवी, तिथे आजूबाजूच्या मऊ ऊतींतून आलेला स्कॅटर भर घालतो आणि हाड असल्यापेक्षा विरळ दिसतं.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, नागपुरातल्या अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय भौतिकीच्या प्रयोगशाळेत फ्लॅट पॅनेल डिटेक्टर घेऊन दुहेरी ऊर्जेची मोजणी उभारणारे. त्यांना कच्चा डेटा मिळतो, त्यामुळे सगळे टप्पे त्यांच्या हातात आहेत. दुसरे, धंतोली-रामदासपेठेतल्या केंद्रांत तयार डेक्सा यंत्र चालवणारे तंत्रज्ञ. त्यांचं यंत्र बंद पेटी असतं, त्यामुळे त्यांच्या कामाचा भाग शेवटी वेगळा दिला आहे. शिबिरांमध्ये टाच ठेवून जी तपासणी होते, ती बहुतेक वेळा अल्ट्रासाऊंडची असते. तिथे एक्स-रेच नाही, त्यामुळे यातलं काहीच तिला लागू नाही.

आधी किरणांचा आकार बघा

पेन्सिल बीममध्ये किरण बारीक आणि डिटेक्टरपुढचं भोकही बारीक. स्कॅटर जवळजवळ आत येतच नाही. फॅन बीममध्ये किरण एका दिशेने पसरट पण दुसऱ्या दिशेने चिंचोळा असतो, म्हणून स्कॅटर थोडा आणि आटोक्यात. कोन बीममध्ये पूर्ण भाग एकाच वेळी उजळतो आणि मोठं सपाट पॅनेल सगळीकडून येणारा स्कॅटर गोळा करतं. जाड पोटाच्या मागे, ग्रिड (तिरके येणारे किरण अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी) नसेल तर, स्कॅटर प्रायमरीपेक्षाही जास्त भरू शकतो. गंभीर सुधारणा लागते ती इथे.

ऊर्जेवरून स्कॅटर गाळता येईल, असं अनेकांना वाटतं. आकडे बघा. ७० केईव्हीचा (केईव्ही म्हणजे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) फोटॉन कॉम्प्टन टकरीत, म्हणजे इलेक्ट्रॉनला धडकून, ९० अंशांत वळला तरी त्याच्याकडे सुमारे ६१.६ केईव्ही उरतात, आणि सरळ उलटा फिरला तरी ५५ च्या आसपास. ४० केईव्हीचा फोटॉन ९० अंशांत वळून ३७ वर येतो. म्हणजे ऊर्जा-खिडकी बरीच अरुंद केली तरी थोड्या कोनात वळलेले फोटॉन आतच राहतात. शिवाय सुसंगत विकिरणात ऊर्जा बदलतच नाही आणि कोनही लहान असतो. ते फोटॉन ग्रिडमधूनही बऱ्यापैकी सुटतात.

चूक किती होते, याचं गणित

प्रत्येक ऊर्जेसाठी हवेतली मोजणी भागिले शरीरामागची मोजणी, आणि त्याचा नैसर्गिक लॉग. याला कमी ऊर्जेसाठी ‘क’ आणि उच्च ऊर्जेसाठी ‘उ’ म्हणू. मऊ ऊतींसाठी क आणि उ यांचं गुणोत्तर म्हणजे ‘आर’. मग

घनता = (क − आर × उ) ÷ (हाडाचा कमी ऊर्जेचा गुणांक − आर × हाडाचा उच्च ऊर्जेचा गुणांक)

४० आणि ७० केईव्ही धरले तर पाण्यासारख्या ऊतींचा आर सुमारे १.३९ येतो. हाडातल्या खनिजाचे, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे, गुणांक अंदाजे ०.९९ आणि ०.३२ चौ.सेंमी प्रति ग्रॅम. छेद ०.५४५ च्या जवळ.

आता समजा मऊ ऊतींमागे स्कॅटर प्रायमरीच्या ५ टक्के आहे, दोन्ही ऊर्जांना सारखाच. शेजारी १ ग्रॅ./चौ.सेंमी घनतेचं हाड आहे. स्कॅटर पसरट असतो, त्यामुळे हाडामागेही तो साधारण तेवढाच पडतो. प्रायमरी मात्र हाडामागे कमी ऊर्जेला ३७ टक्क्यांवर आणि उच्च ऊर्जेला ७३ टक्क्यांवर येतो. म्हणून हाडामागे स्कॅटर-प्रायमरी गुणोत्तर ०.१३५ आणि ०.०६९ होतं. लॉगमधली चूक म्हणजे १ अधिक गुणोत्तर, याचा लॉग. ही चूक वरच्या सूत्रात घालून शेजारच्या मऊ ऊतींची पातळी वजा केली, तर घनता १.०० ऐवजी सुमारे ०.९० येते. पाच टक्के स्कॅटर, दहा टक्के चूक. कण्यासाठी तरुण गटाचं प्रमाण विचलन ०.१२ धरलं तर टी-स्कोअर, म्हणजे घनता तरुण गटाच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा, ०.८ ने खाली जातो. उणे १.८ असलेली व्यक्ती उणे २.५ ची रेषा ओलांडते आणि ऑस्टिओपोरोसिसच्या रकान्यात जाऊन बसते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, नुकसान स्कॅटरच्या एकूण पातळीपेक्षा हाड आणि शेजारची मऊ ऊती यांच्यातल्या फरकामुळे होतं. दुसरी, हा फरक घनतेनुसार आणि जाडीनुसार बदलतो. म्हणून शेवटच्या घनतेला एखाद्या ठरावीक आकड्याने गुणून स्कॅटर दुरुस्त होत नाही. एका फँटमवर (शरीराऐवजी चाचणीसाठी ठेवायच्या नमुन्यावर) जुळेल, दुसऱ्या जाडीवर लगेच फसेल.

फँटम उभारणी

अ‍ॅक्रेलिकच्या ३० × ३० सेंमी शीट, नाममात्र १० मिमी जाडीच्या, २५ नग. साइनबोर्डवाल्यांकडे मिळणारी शीट चालते, पण तिच्यावरच्या जाडीच्या आकड्यावर विसंबू नका. १० मिमी म्हणून घेतलेली शीट बऱ्याचदा त्याहून पातळ भरते. प्रत्येक शीट व्हर्नियरने चारही कडांना मोजा आणि वजन करा. खरोखर १० मिमी असेल आणि घनता १.१९ असेल, तर वजन १,०७१ ग्रॅम यायला हवं. वजन भागिले ९०० चौ.सेंमी म्हणजे त्या शीटची क्षेत्रीय घनता. ती शीटवरच मार्करने लिहा आणि पुढे सेंटिमीटरऐवजी हीच वापरा.

एक सापळा: शुद्ध अ‍ॅक्रेलिकचा आर सुमारे १.२८ आहे, म्हणजे पाण्यापेक्षा चरबीला जवळचा. स्कॅटर मोजायला काही अडचण नाही. पण घनता काढताना आर त्याच शीटवरून मोजलेला हवा. पाण्याचा १.३९ टाकलात तर हाड नसलेल्या जागीही शून्यापेक्षा खाली घनता दिसेल आणि दोष स्कॅटर-सुधारणेवर ढकलला जाईल.

पाण्याचा टब घेणार असाल तर नागपूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी असते, आणि उघड्या टबातली पातळी दिवसागणिक उतरते. प्रत्येक मोजणीआधी पट्टीने पातळी बघा, झाकण ठेवा, तळाशी चिकटलेले बुडबुडे झटकून काढा. सोय बघता अ‍ॅक्रेलिक बरं.

हाडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियम. वरच्या दोन ऊर्जांना १ मिमी अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.१२ ग्रॅ./चौ.सेंमी खनिजासारखं वागतं. म्हणून ४, ८ आणि १२ मिमीच्या पट्ट्या घेतल्या की साधारण ०.५, १.० आणि १.५ मिळतात, म्हणजे युरोपियन स्पाइन फँटममधल्या मणक्यांच्याच पायऱ्या. पट्टी ४ × १२ सेंमीची ठेवा. पूर्ण शीट टाकलीत तर शेजारी मऊ ऊतींची पातळी घ्यायला जागाच उरत नाही. मिश्रधातू कोणता हेही महत्त्वाचं. तांबं असलेला मिश्रधातू कमी ऊर्जेला बराच जास्त किरण अडवतो, म्हणून जवळपास शुद्ध, १००० मालिकेतला पत्रा बघा. इतवारीतून भंगारातला तुकडा उचलला असेल, तर त्यात काय आहे ते आधी तपासून घ्या. अ‍ॅल्युमिनियमवरच काम करणारी जेएनएआरडीडीसी (जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन, विकास आणि रचना केंद्र) ही संस्था नागपुरातच, वाडीला आहे.

पट्टी चळतीच्या मध्यावर ठेवा. वर किंवा खाली ठेवली तर स्कॅटरची वाटणी कण्यापेक्षा वेगळी होते.

शिशाच्या चकत्यांनी स्कॅटर मोजणे

तत्त्व सोपं आहे. किरणाच्या वाटेत शिशाची लहान चकती ठेवली की तिच्या सावलीत प्रायमरी पोचत नाही. तिथे जे मोजलं जातं, तो स्कॅटर आणि डिटेक्टरमधली अंतर्गत चकाकी (डिटेक्टरच्या आतच आजूबाजूला पसरणारा प्रकाश).

३ मिमी जाड शीसपत्र्यातून ४, ६, ८ आणि १० मिमी व्यासाच्या चकत्या पंचाने काढा. ७० केईव्हीला ३ मिमी शिशातून पार होणारा भाग लाखात एकाच्या आसपास, म्हणजे नगण्य. त्या २ मिमी अ‍ॅक्रेलिक शीटवर ३ सेंमी अंतराने पातळ गोंदाने चिकटवा. त्याहून दाट लावू नका. ६ मिमीची चकती ३ सेंमीच्या जाळीत सुमारे ३ टक्के क्षेत्र झाकते. त्याहून जास्त झाकलं तर स्कॅटर निर्माण करणारा प्रायमरीच कमी होतो. शिसं हाताळताना हातमोजे घाला, कापलेला चुरा ओल्या फडक्याने पुसा.

ही शीट फँटमच्या ट्यूबकडच्या बाजूला हवी. टेबलाच्या डेक्सा मांडणीत ट्यूब बहुधा खाली आणि डिटेक्टर वर असतो. म्हणजे चकत्यांची शीट टेबलावर आधी आणि तिच्यावर फँटम. उलटं रचलं तर चकत्या स्कॅटरही अडवतात आणि आकडा फसवा कमी येतो. चुकीच्या निकालांचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

मग प्रत्येक ऊर्जेसाठी चार जाड्या (१०, १५, २०, २५ सेंमी) आणि प्रत्येक जाडीला चार अवस्था (अ‍ॅल्युमिनियम नाही, ४, ८, १२ मिमी). दोन्ही ऊर्जा धरून ३२ मांडण्या. प्रत्येकीत एक प्रतिमा चकत्यांसह, एक चकत्यांशिवाय. चकत्यांमागची मोजणी अगदी थोडी असते, म्हणून अनेक फ्रेमची सरासरी घ्या. चकतीच्या सावलीतले फक्त मधले पिक्सेल वापरा. कड फोकल स्पॉटमुळे, म्हणजे ट्यूबमधला किरण निघायचा ठिपका अगदी बिंदूएवढा नसल्यामुळे, धूसर असते.

चकतीचा व्यास वाढला की ती थोडा स्कॅटरही खाते, म्हणून व्यास शून्याकडे न्यावा लागतो. समजा ४, ६, ८, १० मिमीमागे मोजणी २१२, २०५, १९८, १९१ आली. उतार मिलिमीटरमागे ३.५, म्हणून शून्य व्यासाला २२६. त्याच जागी चकतीशिवाय १,६५० असेल, तर प्रायमरी १,४२४ आणि गुणोत्तर ०.१५९. ३ मिमीपेक्षा लहान चकत्या या रेषेत बसत नाहीत, त्यांच्यामागे कडेचा प्रायमरी घुसतो. त्या सोडून द्या.

चकाकी या २२६ मध्ये आधीच धरलेली आहे. ती वेगळी मोजून पुन्हा वजा करू नका.

सुधारणेचा क्रम

इथे क्रम चुकला की मागचं सगळं वाया. आधी डार्क फ्रेम (किरण बंद असतानाची प्रतिमा) वजा करा, मग गेन सुधारणा (पिक्सेलांच्या संवेदनशीलतेतला फरक काढणं), मग मेलेले पिक्सेल भरा, मग स्कॅटर वजा, मग हवेच्या प्रतिमेशी भागाकार, आणि शेवटी लॉग. स्कॅटर बेरजेने मिसळतो. लॉग घेतल्यावर तो बेरजेत राहत नाही, त्यामुळे नंतर वजा केलेला कुठलाही आकडा एका जाडीपुरताच बरोबर असतो.

डार्क फ्रेम मोजणीच्या लगतच घ्या. पॅनेल तापलं की डार्क करंट वाढतो. एप्रिल-मे मध्ये एसी बंद पडलेल्या खोलीत सकाळची डार्क फ्रेम दुपारी उपयोगाची नाही, आणि स्कॅटरचा आकडा लहान असल्यामुळे ही चूक सरळ त्याच्यावर बसते. कूलरवर भागवू नका, दमट हवा इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही.

हवेची प्रतिमा घेताना पॅनेल बहुतेक वेळा तुंबतं. एमए (ट्यूबचा विद्युतप्रवाह) कमी करून घ्या आणि गुणून वर आणा, पण डिटेक्टर त्या पल्ल्यात रेषीय आहे हे आधी पाच-सहा एमए पातळ्यांवर तपासा.

नव्या प्रतिमेवर स्कॅटर कसा अंदाजायचा

रुग्णाला चकत्यांसह दुसरं एक्स्पोजर देणं योग्य नाही. म्हणून वरच्या चकत्यांच्या मोजणीतून जाडीनुसार स्कॅटरचा तक्ता बनवायचा आणि त्यावरून अंदाज. उच्च ऊर्जेच्या लॉगवरून जाडी काढा: ७० केईव्हीला उ सुमारे ४ आला तर साधारण २० सेंमी मऊ ऊती. पण उ मध्येच स्कॅटर मिसळलेला आहे. गुणोत्तर ०.३ असेल तर जाडी सुमारे १.३ सेंमीने कमी दिसते. म्हणून फेऱ्या घ्याव्या लागतात: पहिल्या जाडीवरून स्कॅटर, तो वजा करून नवी जाडी, पुन्हा स्कॅटर. प्रायमरीतला बदल ०.२ टक्क्यांखाली आला की थांबा. तीन-चार फेऱ्यांत होतं.

तक्त्यात गुणोत्तर न ठेवता स्कॅटरची मोजणी ठेवा, हवेच्या मोजणीने भागून. गुणोत्तर हाडाच्या कडेला उडी मारतं, स्कॅटर मात्र सावकाश बदलतो. सावकाश बदलणाऱ्या गोष्टीचंच अंतर्वेशन करावं. याच कारणाने प्रतिमा १६ × १६ पिक्सेलच्या ठोकळ्यांत लहान करून स्कॅटर काढला तरी काही बिघडत नाही, वेळ वाचतो.

तक्ता पोटाच्या मध्यावर छान चालतो, कमरेच्या कडेला फसतो. तिथे एका बाजूला शरीर आणि दुसऱ्या बाजूला हवा, त्यामुळे स्कॅटर एकतर्फी येतो. तिथे कर्नल पद्धत बरी: प्रायमरीचा अंदाज एका रुंद घंटाकृती वक्राशी कन्व्हॉल्व्ह करायचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा प्रायमरी त्या वक्राप्रमाणे आजूबाजूला पसरवून बेरीज घ्यायची, वक्राची उंची जाडीनुसार चकत्यांच्या मोजणीवरून बसवायची. दोन्ही ऊर्जांसाठी वक्र वेगळे. एकाचाच वक्र दोघांना लावणं हा वेळ वाचवण्याचा मोह आहे, आणि घनतेचं गणित दोघांच्या फरकावरच उभं असल्यामुळे तो महागात पडतो.

प्रोग्रॅममध्ये एक कुंपण घाला: स्कॅटरचा अंदाज एकूण मोजणीच्या ९० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. नाहीतर एखाद्या गोंगाटी पिक्सेलला प्रायमरी ऋण होतो आणि लॉग कोसळतो.

सॉफ्टवेअरने स्कॅटरची सरासरी जाते, त्याचा गोंगाट जात नाही. गुणोत्तर १ असेल तर प्रायमरीतला सापेक्ष गोंगाट १.४ पट होतो, वजाबाकी कितीही अचूक असो. तो कमी करायचा असेल तर स्कॅटर डिटेक्टरपर्यंत पोचूच द्यायचा नाही: किरण चिंचोळा करा, किंवा फँटम आणि पॅनेल यांत १५–२० सेंमी हवेचं अंतर ठेवा, किंवा ग्रिड लावा. ग्रिड प्रायमरीही खातो आणि डोस वाढवतो. डेक्साचा डोस काही मायक्रोसिव्हर्टचा असतो, तो वाढवण्याआधी अंतर आणि कॉलिमेटर (किरणाची रुंदी ठरवणारी फट) वापरून बघावेत. ग्रिड बदलला की सगळा तक्ता नव्याने.

पडताळणी

दोन चाचण्या पुरेशा आहेत. पहिली क्षेत्राची. २० सेंमी जाडी, ८ मिमी पट्टी. कॉलिमेटर पूर्ण उघडा ठेवून घनता काढा, मग पट्टीला समांतर, ती आणि शेजारची थोडी अ‍ॅक्रेलिक मावेल एवढी फट ठेवून पुन्हा काढा. फट अरुंद असताना स्कॅटर जवळजवळ नसतो, त्यामुळे सुधारणा बंद ठेवूनही ती घनता खरी मानता येते. पूर्ण क्षेत्रातली सुधारित घनता तिच्या १ टक्क्यात यायला हवी.

दुसरी जाडीची. तीच पट्टी १५, २० आणि २५ सेंमीत. तिन्ही घनता एका आडव्या रेषेवर हव्यात. जाडीबरोबर घनता चढत असेल तर सुधारणा जास्त झाली आहे, घसरत असेल तर अपुरी आहे किंवा बीम हार्डनिंगचा, म्हणजे जाडीतून जाताना कमी ऊर्जेचे फोटॉन आधी गळून किरण कठीण होण्याचा, परिणाम मिसळला आहे. दोघांना वेगळं करायला हीच चाचणी अरुंद फटीत पुन्हा घ्या: तिथेही घसरण राहिली तर दोष स्कॅटरचा नाही, बीम हार्डनिंगचा आहे. २ टक्क्यांहून जास्त उतार-चढ असेल तर तक्त्यावर काम परत सुरू करा.

तयार यंत्र चालवणाऱ्यांसाठी

रुग्ण तपासणाऱ्या यंत्राचं कॅलिब्रेशन स्वतः बदलायचं नाही, ते निर्मात्याच्या अभियंत्याचं काम. तुमच्या हातात आहे स्कॅटरची परिस्थिती दर वेळी सारखी ठेवणं. रोजचा स्पाइन फँटम त्याच जागी, त्याच दिशेने ठेवा. घनता सरासरीपासून १.५ टक्क्यांच्या बाहेर गेली तर पुन्हा मांडून एकदा घ्या, तरी बाहेर असेल तर रुग्ण घेणं थांबवा.

काही यंत्रांत जाडीनुसार वेगळे मोड असतात, उदाहरणार्थ १३ सेंमीखाली, १३ ते २५, आणि २५ च्या वर. मागच्या वेळी एका मोडमध्ये आणि या वेळी दुसऱ्यात तपासलं तर दोन आकड्यांची तुलना करू नका. वजन बरंच बदललेल्या रुग्णाच्या अहवालात ही नोंद जरूर असावी.

कपड्यांतलं धातू आणि जाड वस्तू काढायला सांगा: पट्टा, हुक, सेफ्टी पिन, परकराच्या नाडीची गाठ. करगोट्यात चांदीचे मणी असतात, ते पुरुष रुग्ण सहसा आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. पोटात बेरियम किंवा कॉन्ट्रास्ट असेल तर तपासणी पुढे ढकला. कॅल्शियमची गोळी नुकतीच घेतली असेल तरी कण्यावर ती दिसू शकते. कण्यासाठी पाय ठोकळ्यावर, नितंबासाठी पाऊल १५ ते २५ अंश आत. हात पोटावर किंवा स्कॅनच्या क्षेत्रात नकोत, ते मऊ ऊतींची पातळी बदलतात.

तुमच्या केंद्राची पुनरावृत्ती-चूक मोजून ठेवा: ३० रुग्ण दोनदा किंवा १५ रुग्ण तीनदा, दर वेळी टेबलावरून उतरवून पुन्हा झोपवून, संमती घेऊन. त्या चुकीला २.७७ ने गुणलं की खरा मानता येईल असा कमीत कमी बदल मिळतो. कण्यासाठी चूक १.९ टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे बदल ५.३ टक्के. एखाद्या रुग्णाची घनता वर्षात ४ टक्क्यांनी उतरली आणि त्याच काळात त्याचं पोट सुटलं, तर औषध बदलायच्या आधी जाडी आणि मोड बघा.

दुरुस्ती झाली, ट्यूब किंवा डिटेक्टर बदलला, सॉफ्टवेअर अपडेट झालं, किंवा यंत्र दुसऱ्या खोलीत हलवलं, तर फँटम किमान दहा वेळा घेऊन आधीच्या सरासरीशी ताडून बघा आणि ती पानं यंत्राच्या वहीत लावा. प्रयोगशाळेतल्या मांडणीत एवढ्याने भागत नाही, चकत्यांची मोजणी निदान १५ आणि २५ सेंमीला पुन्हा करावी लागते.